रायर काय म्हणाले

कावेरी नदीला एक तारा देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. फोनवरच्या नकाशात लोक हॉटेलांना, दवाखान्यांना तारे देतात, तसे नदीलाही देता येतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्या वर्षी धरणातून पाणी उशिरा सुटलं होतं आणि घाटाच्या पायऱ्यांखाली नुसती वाळू होती. मामा, म्हणजे हे घरमालक, मला मुद्दाम घाटावर घेऊन गेले, फोन काढायला लावला आणि शेजारी उभं राहून मजकूर सांगू लागले.

"लिहा. कावेरी. एक तारा. पाणी नाहीं. मागल्या वर्षींही हेंच. वरच्यांस सांगून उपयोग जाहला नाहीं."

"वरचे म्हणजे कोण, मामा?"

"तेंच तर कोणी सांगत नाहीं. म्हणूनच एक तारा."

मी मूळची लातूरची. बँकेनं उचललं आणि थेट कुंभकोणमला नेऊन टाकलं. भाषा येत नाही, घर मिळत नाही, अशा अवस्थेत शाखेतल्या एका कारकुनानं सांगितलं की मॅडम, तुमच्या भाषेचं एक घर आहे, वरचा मजला रिकामा आहे. मला वाटलं, चला, निदान घरी आल्यावर तोंड तरी उघडता येईल. उघडलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मामींकडे वळून म्हणाले, "पोर बरी आहे. बोलणें मात्र बिघडलें आहे."

त्यांच्या मते मराठी बिघडली ती महाराष्ट्रात. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आले आणि येताना आणलेली भाषा त्यांनी लोणच्यासारखी घट्ट झाकण लावून ठेवली. लातूर त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं. ते मला कायम 'पुणेकरीण' म्हणत, आणि मी चिडले की आणखी म्हणत. पूर्वज दरबारात नेमकं काय करत असं मी विचारलं तेव्हा मामा छाती काढून म्हणाले, "राजास मत सांगत." आतून मामींचा आवाज आला, "हत्तीस गवत घालीत."

गल्लीत त्यांना सगळे रायर म्हणत. तिकडे मराठी घरातल्या कर्त्या पुरुषाला तसं म्हणण्याची पद्धत आहे. ते शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते; लातूर त्यात नसावं. उंच, हडकुळे, पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा, आणि आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत पोचलाच पाहिजे. वर्ग सुटला होता, आवाज सुटला नव्हता. एकुलती मुलगी अमेरिकेत. मामी ठेंगण्या, गोऱ्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आणि सतत हसायला तयार.

त्या घराचा एक कायदा होता. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. मामा चप्पल घालताना मामींशी मराठीत बोलत असत आणि पाय उंबऱ्याबाहेर पडला की तेच वाक्य तमिळमध्ये पुरं करत. प्रश्न होता तो तिण्णैचा. तिण्णै म्हणजे घराच्या दर्शनी भिंतीला लागून असलेला ओटा. त्यावर आपलं छप्पर, पण समोर उघडा रस्ता. मग तो घरात की बाहेर? मामांनी निवाडा दिला होता: छप्पर आपलें, तर भाषा आपली. म्हणून रोज संध्याकाळी ते तिण्णैवर बसून रस्त्याकडे तोंड करून खणखणीत मराठीत मतं मांडत, आणि रस्ता आपला जात राही.

मराठी ही त्यांची भिंत होती. या लोकांना पिढ्यानपिढ्या ती सवय लागलेली आहे. एकदा मी दोघांबरोबर समईच्या खरेदीला भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार समई पुसून दाखवत होता आणि मामा त्याच्याकडे बघून गोड हसत मामींना सांगत होते, "हा महा लबाड आहे. उठूं लाग. उठलों म्हणजे भाव उतरेल." मामीही तितक्याच गोड हसून म्हणाल्या, "आधीं तुम्हीं उठा, माझे गुडघे दुखतात." दुकानदारही हसला. मला घाम फुटला होता. आमच्याकडे असं कुणाच्या तोंडावर बोललं तर समई डोक्यात बसेल. मामांना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. आपण बोलतो ते इथं कुणाला कळत नाही, हे त्यांच्या लेखी सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं.

मुलीनं अमेरिकेतून फोन पाठवला होता. आला त्या दिवशी मामांनी मामींच्या कपाळाची टिकली काढून त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. "तो डोळा आहे. घरांत बायकामाणसें आहेत." टिकली वाळून पडली की नवी. त्यामुळे मुलीला व्हिडिओवर आईवडील कधी दिसतच नसत, नुसती लाल अंधारी दिसे. ती ओरडे, "अप्पा, टिकली!" आणि मामा म्हणत, "तूं आम्हांस दिसतीस. पुष्कळ जाहलें."

भाजीवाल्याकडचा, पैसे जमा झाले की मोठ्यांदा सांगणारा डबा त्यांच्या डोक्यात जाई. आपण काय घेतलं, काय दिलं ते बाजारभर ओरडायला आपण काय लिलावात उभे आहोत का, असं ते तमिळमध्ये भाजीवाल्याला विचारत. भाजीवाला म्हणे, रायर, डबा नसेल तर लोक फसवतात. मामा घरी येऊन मराठीत निकाल देत, "ज्या गांवांत डब्यास साक्षीला बोलवावें लागतें तें गांव बुडालें." घरपोच इडली मागवणाऱ्या समोरच्या बिऱ्हाडाबद्दल त्यांचं म्हणणं असं की इडलीला दुचाकीवरून फिरायची सवय लागली तर ती उद्या ताटात बसणार नाही.

निवडणुकीच्या दिवसांत फोनवर पुढाऱ्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज येतात. आपण ऐकतो आणि ठेवून देतो. मामा उत्तर देत. पलीकडून पुढारी म्हणे, वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार. मामा म्हणत, नमस्कार, बसा, आधी गटाराचं सांगा. पुढारी पुढे बोलतच राही. मामांचा आवाज चढे, "मी बोलतों आहें तोंवर उगे राहा!" शेवटी तो आवाज आभार मानून बंद होई आणि मामा फोनकडे बघत बसत. एकदा मी म्हटलं, मामा, ती टेप असते. ते म्हणाले, "ठाऊक आहे. समोर आले तरी टेपच असते. फोनवर निदान हार घालावा लागत नाहीं." सगळे पक्ष त्यांच्या मते एकाच कॉफीचे होते. चिकोरी किती घातली तेवढाच फरक.

आणि फोनमधली ती बाई. आपण काही विचारलं की उत्तर देणारी. मुलीनं ती सुरू करून दिली होती. मामांनी तिच्याशी घरात म्हणून मराठीत बोलायला सुरुवात केली. "आज पाऊस येणार काय, सांगा पाहूं." ती म्हणाली, क्षमा करा, मला समजलं नाही. पुन्हा विचारलं. तिनं कुठलं तरी गाणं लावलं. मी म्हटलं, मामा, तिला आमचं मराठी कळतं, तुमचं नाही. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते खुर्चीतून उठले, मामींना हाक मारली आणि मुलगी पास झाल्यासारखे खूश होऊन म्हणाले, "ऐकलीस काय? अवघ्या जगाचें बोलणें यांना कळतें. आमचें कळत नाहीं. आम्हीं वांचलों!"

त्या दिवसापासून त्यांचा आवाज आणखी वाढला.

आता मामींबद्दल. संध्याकाळी शेजारच्या घरातली सून जाई घेऊन तिण्णैवर येई. मामी आणि ती गजरे करत बसत. मामा खांबाला टेकून बोलत. सून तमिळ, तिला एक अक्षर कळत नसे. ती विचारी, "मामी, रायर एन्न सोन्नार?" म्हणजे रायर काय म्हणाले? आणि मामी फुलांतून डोकं वर न काढता ते तमिळमध्ये सांगत. नुसतं सांगत नसत, त्यात आपलं मीठ घालत. मामा वाक्य बोलून थांबत, मामी ते सांगत, सून हसे, मग मामा पुढचं वाक्य बोलत. दोघांचं ते जमून गेलं होतं. मी वरच्या गॅलरीतून ऐकत असे; एव्हाना मलाही तमिळ कळू लागलं होतं. आपली मतं आपली बायको दुसऱ्याला सांगते आहे, ती ऐकून कुणीतरी हसतं आहे, यात मामांना सुख होतं हे मला दिसत होतं. आपण तमिळ बोललो तर ते बाहेर बोलणं झालं, पण बायको सांगते ते घरातलंच, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

सून स्वयंपाकाचे, रांगोळीचे व्हिडिओ करून टाकत असे. तिचा फोन फुलांच्या परडीला टेकवून ठेवलेला असायचा. मामींना वाटे ती फोटो काढते आहे.

पुढे पुढे मंडईत लोक मामांकडे बघून हसू लागले. रिक्षावाले हात वर करत. कुंभेश्वराच्या रस्त्यावरचा पानवाला एकदा म्हणाला, रायर, आज काय म्हणणं? मामांना वाटलं, जुने विद्यार्थी असतील. "इतक्या वर्षांनी भूगोलाची किंमत कळली," असं मला म्हणाले. पंचा जरा नीट घडी घालून खांद्यावर टाकू लागले.

त्याच सुमारास आमच्या वॉर्डातल्या एका पुढाऱ्यानं गल्लीगल्लीत खांब उभे केले. प्रत्येक खांबावर एक पांढरा कॅमेरा आणि कॅमेऱ्याखाली त्याचा स्वतःचा हसरा फोटो. एक खांब बरोबर आमच्या तिण्णैसमोर. मामांनी पहिल्याच दिवशी खाली उभं राहून तो निरखला. संध्याकाळी मत आलं.

"तो डबा पोकळ आहे. वायर कोठें आहे, दाखवा मला. आंत डोळा नाहीं, कांहीं नाहीं. मग खालीं याचा फोटो कशास? चोर कोण तें आधींच कळावें म्हणून."

मामींनी ते तमिळमध्ये सांगितलं, आणि सून हसतेय तोवर, "आणि मी म्हणते, बरंच झालं, पोलिसांची शोधाशोध वाचली," असंही घातलं. मामा स्वतःसुद्धा हसले. मीही वर हसले होते.

दोन-चार दिवसांनी बँकेत तोच कारकून, ज्यानं मला हे घर सुचवलं होतं, काउंटरवरून उठून माझ्या टेबलाशी आला. चेहरा उतरलेला. "मॅडम, हे तुमचे घरमालक ना?" त्याच्या फोनवर आमची तिण्णै होती. मामांचा आवाज, मग मामींचा आवाज, मग सुनेचं हसणं. वर मोठ्या अक्षरांत नाव, 'रायर काय म्हणाले?' अशी ती मालिकाच होती. नदी, इडली, कॉफी, सगळं होतं. गावानं ते कधीच पाहिलेलं होतं. आमच्या बँकेतही पाहून झालं होतं, मला सोडून. आणि आता हा कॅमेऱ्याचा. तो गावाबाहेरही गेला होता. कारकून हळूच म्हणाला, "ते लोक चिडलेत. घरी जा."

मी गेले तेव्हा तिण्णैवर चार-पाच माणसं बसली होती. पांढरे शर्ट, मनगटावर जाड घड्याळं. आरडाओरडा नव्हता. त्यातला वयानं मोठा असलेला अगदी अदबीनं बोलत होता. मामा खांबाला टेकूनच होते. त्यांनी व्हिडिओ नुकताच, त्या माणसाच्या फोनवर, पहिल्यांदा पाहिला होता. मी पायरी चढले तसं एकानं मला सांगितलं, मॅडम, तुम्ही बाहेरगावच्या, वर जा. मी गेले नाही. जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. 

मोठा माणूस म्हणत होता, खांबाखाली उभं राहायचं, माफी मागायची, आम्ही चित्रीकरण करतो, विषय संपला. मामा तमिळमध्ये म्हणाले, "कॅमेरा चालू असता तर आधीच झालं असतं चित्रीकरण." त्या वेळीही त्यांना मत आवरलं नाही.  दुसरा एक तरणा माणूस उठून उभा राहिला. मोठ्यानं त्याला हातानं बसवलं आणि तितक्याच अदबीनं म्हणाला, "रायर, तुमची भाषा आम्हाला कुठं कळते? तुम्ही काय म्हणालात ते आम्हाला माहीत नाही. आम्हाला कळलं ते मामी म्हणाल्या ते. पोलिसांचं वाक्य तर त्यांचंच आहे. मामींना बोलवा. त्याच मागतील माफी."

आतून पेल्यांचा आणि मिक्सरचा आवाज आला. पाहुणे आले म्हणून मामी ताजी कॉफी दळत होत्या; त्या घरघरीत त्यांना बाहेरचं काही ऐकू जात नव्हतं.

मी मामांचा चेहरा पाहिला. तो बदलताना कसा बदलला हे मला सांगता येणार नाही. ते झटकन उठले, पायऱ्या उतरून उघड्या पायांनी खांबाखाली जाऊन उभे राहिले, वर तो डबा, तो हसरा फोटो, आणि हात जोडून तमिळमध्ये, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तप्पा पेसिट्टेन. मन्निच्चिडुंग." चुकीचं बोललो, क्षमा करा. म्हातारा आहे, मला काही कळत नाही. बायकोनं फक्त मी म्हटलं ते सांगितलं, ते वाक्यही माझंच होतं. हे ते घाईघाईनं बोलले, कुणी तरी मागे लागल्यासारखे. तरण्या माणसानं चित्रण केलं.

ते परत तिण्णैवर येऊन बसतात न बसतात तोच मामी कॉफीचे पेले घेऊन बाहेर आल्या. मामांकडे बघून विचारलं, "कोण हे?"

मामा म्हणाले, "कॅमेऱ्याचे लोक आहेत. तपासास आले."

मामींना आनंद झाला. त्यांनी प्रत्येकाच्या हातात पेला दिला, साखर पुरे का विचारलं, आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "बरं झालं आलात. आमच्या समोरचा चालतच नाही. हे रोज सांगतात, वायरच नाही म्हणून. तेवढा बघा हं."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकजण हसला. मोठ्या माणसानं मात्र खाली मान घालून कॉफी प्यायली, पेला पायरीवर उपडा ठेवला आणि "बघतो, मामी" असं म्हणून सगळ्यांना घेऊन गेला.

मी तोवर जिन्यातच होते. मामा माझ्याजवळ आले. मी मराठीत काहीतरी म्हटलं, काय ते आठवत नाही. त्यांनी तमिळमध्ये उत्तर दिलं, "मामीक्कु तेरिय वेण्डाम." मामीला कळता कामा नये. माझ्याशी ते घरात तमिळ बोलण्याची ती पहिली वेळ. मी मान हलवली. शेजारच्या सुनेला त्यांनी काही बोल लावला नाही. तिनं स्वतःच रडत रडत सगळे व्हिडिओ काढून टाकले. तिच्याकडूनही त्यांनी हेच वचन घेतलं.

माफीचा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला. मंडईत पोरं त्यांना बघून हात जोडायची आणि आवाज काढून "तप्पा पेसिट्टेन" म्हणायची. मामांनी मंडई सोडली. भाजी मामी आणू लागल्या, आणि पोरं आज फार नमस्कार करतात हो, चांगली वळणाची आहेत, असं मला येऊन सांगू लागल्या.

आणि घरात मामांनी मराठी सोडली.

मला आधी वाटलं, दोन दिवस धक्क्याचे असतील. पण ते तसंच राहिलं. मामी मराठीत विचारत, "ताक घालूं काय?" ते तमिळमध्ये म्हणत, पुरे. मामी मराठीत सांगत, मुलीचा फोन येऊन गेला, तिकडे बर्फ पडला. ते म्हणत, बरं. मतं तर बंदच. तिण्णैवर बसत, पण तोंड भिंतीकडे करून. फोन टिकलीसकट कपाटात. समोर निवडणूक आली, गेली. पुढाऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज आला तर मामी ऐकत आणि मामांपुढे धरत. ते हातानं नको म्हणत.

एकदा जिन्यात गाठून मी विचारलं, मामा, घरात कोण ऐकतंय? निदान मामींशी तरी बोला.  ते तमिळमध्येच म्हणाले की मराठीत माझं तोंड थांबत नाही, त्याला थांबायचं कधी शिकवलंच नाही. एक वाक्य बोललो की दुसरं येईल, मत येईल, आणि ती ते कौतुकानं कुणाला तरी सांगेल. तिला सांगू नको म्हणायचं तर का ते सांगावं लागेल. मग ती त्या दिवसाची कॉफी आठवेल. इतकं बोलून ते वर चढायच्या ऐवजी खाली गेले, कशासाठी जिन्यात आले होते ते विसरून.

मला राग येई. त्या पांढऱ्या शर्टांचा येई, त्या डब्याचा येई, आणि खरं सांगायचं तर मामांचाही येई. मामी दिवसेंदिवस खंगत चालल्या होत्या. त्यांच्याशी मराठीत बोलणारं त्या घरात दुसरं होतं कोण? आधी त्यांना वाटलं मामा रुसलेत. मग वाटलं, त्यांना विसरायचा आजार झाला. "मनुष्य म्हातारपणीं नांवें विसरतो. हे भाषा विसरले. असें असतें काय गे?" असं मला विचारत. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, वय झालं. मग दुपारची सुट्टी असली की मामी गुडघे धरत धरत वर माझ्या खोलीत येत, कॉटवर बसत आणि बोलत. गजऱ्याबद्दल, मुलीबद्दल, शनिवारच्या भजनाला आता कोण येत नाही त्याबद्दल. उठताना म्हणत, "तुझें बोलणें कांहीं बरें नाहीं पोरी. तरी चालतें."

मामांना दिलेलं वचन दर वेळी आड येई. दोघांपैकी एकाचं मन तरी मोडावं लागलं असतं, आणि मामांनी त्या खांबाखाली उभं राहून ज्याची किंमत दिली होती ते मी मोडू शकले नाही. अजूनही मला तसंच वाटतं, आणि अजूनही त्यानं बरं वाटत नाही.

मग माझी बदली झाली. निघताना मामींनी खणानं ओटी भरली, मामांनी रिक्षात पेटी ठेवली. कधीतरी मी फोन करी. मामी बोलत, पलीकडून मामांचा खोकला ऐकू येई.

मामी गेल्याचं मला शेजारच्या सुनेनं कळवलं. मी पोचले तेव्हा दिवसकार्य आटोपून गेलं होतं, मुलगी अमेरिकेला परत निघून गेली होती. संध्याकाळ होती. खांबावरचा डबा तसाच होता, त्याखाली आता दुसऱ्या पुढाऱ्याचा हसरा फोटो होता. मामा तिण्णैवर बसले होते. तोंड रस्त्याकडे.

मला पाहून त्यांनी बाजूचा पंचा उचलला आणि म्हणाले, "बैसा, पुणेकरीण."

इतक्या वर्षांनी ते मराठी ऐकून मला रडू आलं. मी बसले. ते म्हणाले, "आतां बोलिलों तरी कोण सांगणार आहे?"

शेजारच्या तिण्णैवर सून जाई ओवत होती. तिच्याजवळ आता फोन नव्हता. मामा समोरच्या खांबाकडे बघत होते. मला वाटलं, आता मत येईल. कॅमेऱ्याबद्दल, नव्या फोटोबद्दल. तोच जुना आवाज लागला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"शेवटच्या दिवशीं शुद्धींत होती. माझा हात धरली. विचारली, माझें काय चुकलें? इतकीं वर्षें तुम्हीं माझ्याशीं आमचें बोललां नाहीं, माझें काय चुकलें तें सांगा. मी म्हणिलों, ओन्नुम इल्लै."

म्हणजे, काही नाही. तमिळमध्ये.

ते थांबले. पूर्वी वाक्य झालं की थांबत तसे. मग म्हणाले, "आमच्या बोलण्यांत म्हणिलों असतों, तर कोणतें सरकार पडणार होतें?"

 शेजारच्या तिण्णैवरून सुनेनं ओवता ओवता मान वर केली आणि सवयीनं मला विचारलं, "रायर एन्न सोन्नार?"

मी म्हटलं, "ओन्नुम इल्लै."